ट्रॅकसाठी गाडी: जुनी व्हीटेक/एस्टीम घ्यावी की नवी टर्बो?

ठाणेकर_थ्रॉटल
मंडळी, सल्ला हवाय. इतकी वर्षं वडाळ्याचं कार्टिंग आणि नवी मुंबईत कधीमधी होणारं ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळणं) यावर भूक भागवत होतो. आता क्लब लेव्हलला सर्किटवर उतरायचं पक्कं केलंय. घरून परवानगी मिळाली आहे (तोंडी). गाडी, रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा), सीट, हार्नेस (रेसचा पट्टा) सगळं धरून बजेट सात लाख.

दोन पर्याय डोक्यात आहेत.

पहिला म्हणजे २००० च्या आसपासची होंडा सिटी १.५ व्हीटेक, नाहीतर शेवटच्या काळातली एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) मारुती एस्टीम. दुसरा म्हणजे वापरलेली टर्बो, मारुती बलेनो आरएस किंवा फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअल.

एक मित्र म्हणतो जुन्या गाडीत ड्रायव्हर घडतो. दुसरा म्हणतो पंचवीस वर्षांच्या पत्र्यात जीव कशाला घालतोस. तुम्ही काय घेतलं असतं आणि का? कृपया "मनाचं ऐक" असं कोणी सांगू नका, मन दोन्हीकडे आहे.

गिरगावचा_गिअर
जुनी. विषय संपला.

पार्ल्याची_पोरं
विषय आत्ता सुरू झालाय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अण्णा_तेराशे
थ्रॉटलराव, धागा चांगला काढलात. मी जुन्याच्या बाजूचा आहे, पण कारणं देऊन.

एस्टीमच्या १३०० सीसी इंजिनाला या देशात ज्याने हात लावला नाही असा फिटर सापडणं कठीण. कॅम, हेडचं काम, पिस्टन, गिअरचे रेशो, सगळं कोणी ना कोणी आधीच करून बघितलेलं आहे. फॉर्म्युला मारुतीच्या काळापासून आपल्याकडचं स्वस्तातलं रेसिंग मारुतीच्या इंजिनांवरच उभं राहिलं, आणि टूरिंग कारचे वर्ग एस्टीम आणि सिटीने वर्षानुवर्षे भरून काढले. त्या गाड्यांचं काय मोडतं, कधी मोडतं आणि त्यावर उपाय काय, हे सगळं ठाऊक आहे. लांबलचक वळणात तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो, म्हणून संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) बॅफल, म्हणजे आडवा पत्रा, वेल्ड करायचा. असल्या गोष्टी नव्या गाडीच्या बाबतीत तुम्ही स्वतःच्या खर्चाने शिकणार.

दुसरं म्हणजे नवीन गाडी वेगवान असतेच हा गैरसमज. १०६ बीएचपीची व्हीटेक गेली आणि २००३ साली नवी सिटी आली ती ७७ बीएचपीची आयडीएसआय. परवाचंच बघा, २०२४ च्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं ९० पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं ८२ चं आलं. मायलेजला उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण ट्रॅकवर मायलेज कोण विचारतो?

आणि थ्रॉटल केबलचा असतो हो! पायाने दाबलं तेवढंच उघडतं. मधे कोणाची परवानगी लागत नाही.

वाशीची_ईसीयू
अण्णा, तुमचं सगळं पटलं असतं, पण तुम्ही सोयीचे आकडे उचललेत. ठाणेकर साध्या स्विफ्टबद्दल विचारतच नाहीयेत. बलेनो आरएसचं १.० बूस्टरजेट १०२ पीएसचं, पोलोचं ११० चं. आणि पीएसपेक्षा टॉर्क बघा. व्हीटेकला वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं. एक गिअर चुकला की पुढचा सरळ पट्टा वाया. टर्बो तिसऱ्या गिअरमध्येही ओढून नेते.

बॉडीचं तर विचारूच नका. नव्या शेलमध्ये जास्त ताकदीचं पोलाद असतं, शेल कमी पिळवटतं, त्यामुळे स्प्रिंग आणि शॉकअप नीट काम करतात. जुन्यात तो कडकपणा केजने आणावा लागतो.

एबीएस नसलेल्या गाडीत ड्रायव्हर घडतो हेही खूप ऐकलंय. घडतो, पण त्याआधी चाकं लॉक करून टायरचे दोन सेट चौकोनी करतो. त्या टायरचे पैसे कोणी हिशोबात धरत नाही.

आता माझ्या बाजूविरुद्धही बोलते. नव्या गाडीत ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, भांडावं लागतं. ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटर दिला तर बऱ्याच ड्राइव्ह-बाय-वायर (केबलऐवजी वायरने थ्रॉटल उघडणाऱ्या) गाड्यांत ईसीयू ताकद कापतं. रस्त्यावर ती सुरक्षितता आहे. पण वळणाआधी टाच आणि चवड्याने एकाच वेळी ब्रेक मारून रेस देणाऱ्याचा तेवढाच ब्लिप (रेसचा छोटा झटका) गायब होतो, आणि गिअर पडताना पुढची चाकं झटका देतात. ट्यूनरकडून ते बंद करून घ्यायचं, म्हणजे वेगळा खर्च. एअरबॅग काढल्या की डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी, आणि कधीकधी एक मॉड्यूल उपटलं की दुसरंच रुसून बसतं.

टर्बोला उन्हाचाही त्रास. चेन्नई-कोईमतूरच्या ट्रॅकवर दुपारी चार-पाच लॅप जोरात मारल्या की आत येणारी हवा तापते, ईसीयू इग्निशन मागे घेतं, बूस्ट कमी करतं. गाडी बिघडलेली नसते, स्वतःला सांभाळत असते. मोठा इंटरकूलर लावा आणि वर्गाच्या नियमात बसतो का ते आधी वाचा.

पोलो घेतलीच तर १.२ टीएसआय नको. ती फक्त डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आली, आणि ती सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी लॅपमागून लॅप मारायला बनवलेली नाही. १.० टीएसआय मॅन्युअल ठीक.

गिरगावचा_गिअर
एवढं लिहून शेवटी जुनीच बरी असं सिद्ध केलंत की. हलके घ्या.

वाशीची_ईसीयू
@गिरगावचा_गिअर, तुमचा प्रतिसाद कार्बोरेटरवर चालतो. चोक ओढल्याशिवाय दुसरं वाक्य येत नाही.

गिरगावचा_गिअर
खिक्. हे मान्य.

जर्सीतला_जोशी
इथे अमेरिकेत हा वाद रोज होतो, फक्त गाड्या वेगळ्या. क्लब रेसिंगमध्ये सगळ्यात जास्त भरणारा वर्ग स्पेक मियाटा, म्हणजे फक्त माझदा मियाटा या छोट्या दोन सीटच्या गाडीचा. त्यात १९९० ची १.६ मियाटा आणि २००५ ची १.८ मियाटा एकत्र पळतात. किमान वजन आणि रिस्ट्रिक्टर प्लेट (इंजिनाची हवा कमी करणारी) लावून दोघींना जवळ आणलेलं असतं. म्हणजे जुनी की नवी हा प्रश्न नियमावलीनेच सोडवला. मी पहिल्या पिढीतली घेतली, कारण बोनेट उघडलं की जमीन दिसते. पाना घालायला जागा आहे.

नव्या मियाटाचं इंजिन १८१ हॉर्सपॉवरचं आणि काय सुंदर फिरतं! पण ती ठोकली तर रडू येईल. जुनी ठोकली तर दुसरं फेंडर शोधायचं.

अजून टोकाचं म्हणजे इथली २४ अवर्स ऑफ लेमन्स ही भंगार गाड्यांची शर्यत. गाडी ५०० डॉलरच्या आत बसवायची असा नियम. पण केज, सीट, हार्नेस, ब्रेक, टायर हे त्या ५०० मध्ये धरतच नाहीत. म्हणजे भंगार चालवा, पण मरू नका. ही मर्यादा कुठे आखायची ते त्यांना बरोबर कळलं. ठाणेकर, तुम्हीही सात लाख असेच दोन भागांत मांडून बघा.

अण्णा_तेराशे
जोशीबुवा, तुमच्याकडे गॅरेजमधून ट्रेलर काढला की संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी ट्रॅकवर. मुंबईत ट्रॅक कुठाय? एके काळी जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, वडील सायकलवर बघायला जायचे. तिकडे मद्रासला शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी होती. मग १९९० मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक झाला, नंतर कोईमतूरला रेसर कारिवर्धनच्या नावाने कारी स्पीडवे, २०११ ला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. महाराष्ट्राच्या वाट्याला काय, तर कार्टिंग आणि आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळणं. वळायची सोय नाही.

पार्ल्याची_पोरं
अवांतर: वळायची सोय नाही हे वेस्टर्न एक्सप्रेस हायवेबद्दलही खरं आहे.

बापू_ब्रेकऑइल
तुम्ही सगळे इंजिनात अडकलात. गाडी जुनी असो वा नवी, पहिल्या ट्रॅक डेला (शर्यत नसताना आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) लोक ज्या गोष्टीमुळे घाबरून परत येतात ती म्हणजे ब्रेकचं पॅडल जमिनीला टेकणं.

डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा कोरडा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. ऑइलने पाणी ओढलं की हेच अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर पाण्याशिवाय असतं काय? दोन पावसाळे जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात तर कॅलिपरमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय खाली, गाडी पुढे.

तेव्हा ताजं डॉट ४ किंवा ५.१, सीलबंद छोट्या बाटलीतलं. अर्धी उरलेली बाटली पुढच्या महिन्यात वापरायची नाही, कितीही जीवावर आलं तरी. पॅड ट्रॅकचे. थंड असताना ते किंचाळतात, सिग्नलला लोक बघतात, बघू द्या.

आणि ईसीयूताई, नव्या गाड्यांत आतल्या चाकाला ब्रेक मारून डिफरन्शियलचं नाटक करणारी सिस्टीम असते ना, ती ट्रॅकवर पुढचे पॅड खाते. ड्रायव्हरने ब्रेक सोडलेला, तरी गाडी मारतेच आहे. तेवढ्यापुरतं जुनीला मत.

वाशीची_ईसीयू
बापू, सहमत. एलएसडी (एक चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) बसवली तरच ती सिस्टीम बंद करण्यात अर्थ आहे, नाहीतर आतलं चाक नुसतं फिरेल. आणि एलएसडीचा नवीन गाडीसाठीचा भाव बघून झोप उडते.

वर्सोव्याचा_वेल्डर
केज बनवणं हा माझा धंदा, म्हणून फक्त पत्र्याबद्दल बोलतो.

मुंबईतली पंचवीस वर्षांची गाडी घेताना रंग बघू नका. समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकाचक आणि खालून चाळण असते. कार्पेट उचलायला लावा. मालक नाही म्हणाला तर तिथूनच रिक्षा पकडा. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, दाराखालचा सिल, मागच्या चाकाच्या कमानीची आतली बाजू, बॅटरीखालचा ट्रे आणि बोनेट उघडून शॉकअपचे दोन्ही टॉवर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द. मग चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

हे एवढं का, तर केज वेल्ड होतो तो फ्लोअरवरच्या प्लेटवर. गंजक्या फ्लोअरवर केज म्हणजे पापडावर रोवलेला खांब. गाडी उलटली की नळी वाकत नाही, प्लेटसकट फ्लोअर फाडून आत येते. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, दुसरीकडून केज करून आणलेली. प्लेटच्या कडेला रंग फुगलेला दिसला म्हणून ग्राइंडर लावला, तर वेल्डखाली गंजाचे पापुद्रे. सगळं कापून काढायला सांगितलं. गिऱ्हाईक चिडलं, पण ते घेऊन ट्रॅकवर गेलं नाही.

एक युक्ती सांगतो. दिल्लीतल्या १५ वर्षांच्या नियमामुळे तिकडच्या जुन्या पेट्रोल गाड्या स्वस्तात बाहेर येत राहिल्या. तिकडची हवा कोरडी, पत्रा बरेचदा चांगला असतो. एनओसी नीट तपासून घ्या.

आणि सेकंडहँड बकेट सीट आणि हार्नेस "एकदम नवीन, फक्त दोन रेस" म्हणून विकायला येतात. लेबलवरची तारीख वाचा. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) मान्यतेच्या हार्नेसला मुदत असते, स्क्रुटिनीत (रेसआधीच्या तपासणीत) तारीख उलटलेली दिसली की बाजूला काढतात. मग तुम्ही पिटलेनमध्ये उसना हार्नेस मागत फिरणार.

कुर्ला_सीएसटी_रोड
वेल्डरदादांना साष्टांग. स्पेअर म्हणाल तर जुन्या एस्टीमचं सगळं आमच्या रोडवर मिळतं. न मागता मिळतं. आपण फक्त हेडलाइट घ्यायला गेलो तरी तो गिअरबॉक्स पोत्यातून काढून दाखवतो.

व्हीटेकचं मात्र आता तसं राहिलं नाही. चांगलं हेड हवं असेल तर वाट बघावी लागते, आणि ज्याच्याकडे आहे त्याला ते काय आहे हे ठाऊक असतं. इंजिनासाठी व्हीटेक घेऊ नका असं नाही, पण घेतलीत तर दुसरं इंजिन सोबतच घ्या.

वकीलसाहेब_दादर
कोणी विचारलं नाही तरी सांगतो, सवय आहे. केज घातलेली, सीट काढलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघा. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करून गाडी रस्त्यावर आणणं चालत नाही. "ट्रॅकवरच चाललोय साहेब" हे उत्तर टोलनाक्यावर ऐकून घेतलं जात नाही. फ्लॅटबेडवरून न्या. गाडी कायमची ट्रॅकचीच ठेवायची असेल तर आरटीओत आरसीचं काय करायचं ते आधी मार्गी लावा. जुन्या गाडीला १५ वर्षांनंतरचं फिटनेस, पर्यावरण कर हे सगळं मागे लागतंच, त्यातूनही सुटाल.

ठाणेकर_थ्रॉटल
सगळ्यांचे आभार. आता मी आधीपेक्षा जास्त गोंधळलोय, पण गोंधळाचा दर्जा सुधारलाय.

बजेटचं जोशीबुवा म्हणतात तसं मांडून बघितलं. केज, सीट, हार्नेस, हान्स (मानेला आधार देणारं उपकरण), हेल्मेट, सूट, पॅड, टायर बाजूला काढले की पोलो आपोआप यादीतून जाते. उरतात बलेनो आरएस, व्हीटेक आणि एस्टीम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः काम करायचा विचार आहे. सेक्रेटरी तेल गळण्याबद्दल संवेदनशील आहेत.

कोवईकर_कुलकर्णी
नोकरीनिमित्त कोईमतूरला असतो, शनिवार-रविवार कारीवर पडीक. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की तुम्ही सगळे गाडी ठाण्यात उभी आहे असं धरून चाललात.

ठाणे ते कोईमतूर साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. फ्लॅटबेडचं एका फेरीचं भाडं विचारून बघा आणि मग वर्षाच्या फेऱ्यांनी गुणा. मुंबई-पुण्याची जी मंडळी इथे टिकून आहेत, त्यांतली बहुतेक गाडी इकडेच ठेवतात. इथल्या एखाद्या टीमच्या वर्कशॉपमध्ये. स्वतः शुक्रवारी हेल्मेटची पिशवी घेऊन येतात.

म्हणजे तुमच्या गाडीला हात लावणार तो इथला मेकॅनिक. तुम्ही नाही आणि कुर्ल्याचा दोस्तही नाही. शनिवारी संध्याकाळी क्वालिफायिंगनंतर क्लच गेला, रविवारी सकाळी रेस आहे, तर रात्री अकरा वाजता कोणाच्या शेडमध्ये कुठल्या गाडीची क्लच प्लेट पडलेली असते? हा प्रश्न विचारा. मी पाहिलंय त्यात एस्टीमची असते. शेजारच्या पिटमधून मिळते, वर गिअरबॉक्स उतरवायला दोन पोरं मदतीला येतात, कारण त्यांनी तो डोळे मिटून उतरवलेला असतो. एकट्यादुकट्या टर्बो गाडीत सेन्सरने कोड दाखवला की सगळे गोल करून उभे राहतात, फोन काढून फोटो घेतात आणि जेवायला जातात.

दुसरं, वर्ग. गाडी घेण्याआधी या हंगामाची नियमावली घ्या आणि ग्रिडवर कुठल्या वर्गात किती गाड्या उभ्या राहतात ते एका वीकेंडला येऊन स्वतः बघा. तुमची बलेनो आरएस कितीही छान असली तरी टर्बोमुळे वरच्या वर्गात ढकलली गेली आणि तिथे तुम्ही शेवटचे एकटे पळत असाल, तर ती रेस नव्हे, महागडा ट्रॅक डे. मधल्या फळीत चार जणांबरोबर आरसे घासत दहा लॅप मारण्यात जे आहे ते तिथे नाही. आणि पैसे त्यासाठीच घालायचेत ना?

त्याहून बरं म्हणजे पहिली एखादी रेस भाड्याच्या गाडीवर करा. इथे टीम तयार गाडी देतात, टायर-मेकॅनिकसकट. लायसन्ससाठी एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचे) सोपस्कार करावेच लागतील, ते आत्ताच सुरू करा.

अण्णा_तेराशे
कुलकर्णी, लाखमोलाचं बोललात. माझ्या पहिल्या प्रतिसादात हेच होतं, फक्त इतकं नीट नव्हतं.

वाशीची_ईसीयू
नीट नव्हतं म्हणजे, नव्हतंच. :)

पण कुलकर्णींचा मुद्दा बरोबर आहे आणि मी माझं मत तेवढ्यापुरतं बदलते. रेससाठी एस्टीम. मात्र ठाणेकरांना ट्रॅक डे आणि टाइम अटॅकच (एकेकट्याने सगळ्यात वेगवान लॅप मारणं) करायचं असतं तर मी अजूनही आरएस म्हटलं असतं. तिथे घड्याळाशी स्पर्धा, शेजारच्या पिटची गरज कमी, आणि संध्याकाळी तीच गाडी एसी लावून घरी आणता येते. कोईमतूरहून एसीशिवाय केज घातलेली गाडी आणणाऱ्याला माझा नमस्कार आणि वकीलसाहेबांचा नंबर.

सातारचा_सस्पेन्शन
मी वेगळं म्हणतो. गाडी लांब ठेवली की ती तुमची राहत नाही. स्वतः नट आवळल्याशिवाय गाडीची खोड कळत नाही. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) पाव अंशाने बदलला की वळणात काय फरक पडतो हे दुसऱ्याने सांगून कळतं होय? शेजारच्याच्या क्लच प्लेटवर जगायचं तर भाड्यानेच पळा कायमचं, गाडी घेता कशाला? हलकी मारुती झेन घ्या, पाऊण टनाच्या आसपास, ॲल्युमिनियमचं इंजिन. घराजवळ ठेवा, ऑटोक्रॉसला न्या, बोल्टने बसणारा केज टाका, दोन वर्षं तिच्यावर शिका.

बापू_ब्रेकऑइल
झेनच्या १३ इंची रिमला चिकट टायर कुठून आणणार ते सांगा, मग झेनवर बोलू.

सातारचा_सस्पेन्शन
रिम बदलू.

बापू_ब्रेकऑइल
मग पाऊण टन राहील का?

जर्सीतला_जोशी
हे दोघं माझ्या पॅडॉकमधले वाटतात. इथेही रात्री दहानंतर हाच संवाद, फक्त इंग्रजीत.

ठाणेकर_थ्रॉटल
ठरल्यात जमा. कोईमतूरच्या पुढच्या वीकेंडचं तिकीट काढलं, गाडी भाड्याची. कुलकर्णी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. त्यानंतर एस्टीम. दिल्ली पासिंगची एक अंधेरीत विकायला आहे, २००५ ची, पत्रा "मख्खन" आहे असं मालक म्हणतो. शनिवारी बघायला जातोय. चुंबक, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च घेतलाय. अजून काय नेऊ?

वर्सोव्याचा_वेल्डर
चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. रंगावर ओरखडा गेला तर मालक तीच गाडी तुमच्या गळ्यात मारेल. आणि आधी कार्पेट उचलायला सांगा, बोनेट नंतर.

गिरगावचा_गिअर
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. फी कुठे पाठवताय?